काट्यातली पॅन्ट आणि गोंदियाचा दर्जी

अलीकडे कापडाच्या दुकानांत आणि मोबाइलवरून माल मागवणाऱ्या तरुणांत ‘शिकारी पॅन्ट’, ‘जंगल पॅन्ट’ अशा नावांचा जाडजूड माल दिसू लागला आहे. तितर-लाव्यांसारख्या पक्ष्यांमागे काटेरी झुडपांतून दिवसभर चालणाऱ्या परदेशी शिकाऱ्यांसाठी ही पॅन्ट मुळात निघाली. समोरून मांडीपासून नडगीपर्यंत दुहेरी कापड, मजबूत शिवण आणि काटा सहसा आत जाऊ न देणारी वीण, हे तिचे गुण. गुण खरे आहेत. पण गोंदिया जिल्ह्यात ही पॅन्ट खरोखर कोणाला हवी आहे, हा प्रश्न आमच्या व्यापाऱ्यांनी अजून नीट विचारलेला नाही, असे आम्हाला वाटते.

शिकाऱ्याला ती नको, हे उघड आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी परवान्याच्या शिकारीचा काळ संपवला. तितर, लावा, रानकोंबडी यांपैकी काहीही मारणे आज गुन्हा आहे. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. तेव्हा ‘शिकारी’ हे नाव लावून माल खपवणाऱ्याने कोणत्या गिऱ्हाइकाला हाक मारतो आहोत, याचा विचार करावा.

शिकारी गेला, काटे मात्र तिथेच आहेत. पूर्व विदर्भात तर ‘झुडपी जंगल’ हा महसुली दप्तरातला शब्दच आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्या झुडपी जमिनींना वन म्हणून मान्यता दिली, त्यांत आमचा जिल्हाही येतो. या झुडपांतून आज चालते कोण? मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचणारी माणसे, एप्रिल-मेमध्ये तेंदूपाने तोडणारी कुटुंबे, टसरचे कोसे आणि लाख काढणारे, बांबू तोडणारे, गुराखी, वीज कंपनीचे लाइनमन, आणि वर्षभर गस्त घालणारे वनरक्षक व त्यांच्या हाताखालचे रोजंदार मजूर. परदेशातला शिकारी हौसेने वर्षाकाठी काही दिवस काट्यांत जातो. आमचा माणूस पोटासाठी जातो. आणि जो काट्यांत सर्वांत जास्त वेळ घालवतो, तोच बाजारातली सर्वांत हलकी पॅन्ट घालतो. हा उलटा व्यवहार बदलण्याजोगा आहे आणि त्यात आमच्या दर्जी व कापड-व्यापारी बांधवांना रोजगारही आहे, हेच आम्हाला या लेखात सांगायचे आहे.

आधी काटा ओळखा

टिकाऊ पॅन्ट म्हणजे जाड पॅन्ट, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. कापड निवडण्याआधी काटा ओळखावा लागतो.

आमच्या जंगलातले काटे साधारण तीन जातींचे. पहिला सरळ, लांब काटा, म्हणजे बाभळीचा. तो टोचतो, आरपार जातो. त्याला अडवायला कापडाची जाडी आणि घट्ट वीण लागते. दुसरा वाकडा, आकड्यासारखा काटा, म्हणजे बोर, येरुणी आणि खैराचा. काटस बांबूच्या फांद्याही याच गटातल्या. तो टोचण्यापेक्षा पकडून ओढतो, धागा उपसतो आणि एका धाग्यावरून सारे कापड उसवत नेतो. त्याच्यासाठी कापडाचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि धागे एकमेकांत घट्ट बसलेले हवेत. तिसरा प्रकार बारीक ओरखड्यांचा आणि कुसळांचा. घाणेरीची खरखरीत खोडे, कुसळी गवताची अणकुचीदार बिये, गोखरू आणि खाजकुइलीची लव. यांच्यापुढे जाडी फारशी कामाची नाही. लव असलेले, कॉरड्रॉयसारखे किंवा घासून मऊ केलेले कापड कुसळे गोळा करत चालते. सपाट, चोपडे कापड ती झटकून टाकते.

एकच कापड तिन्ही काट्यांना पुरे पडत नाही. म्हणूनच परदेशी पॅन्टवाल्यांनी पॅन्टचे अंग एका कापडाचे आणि पुढचा भाग दुसऱ्या कापडाचा केला. ही युक्ती समजली की महाग मालाचे अर्धे गुपित उघडते. उरलेले अर्धे गुपित शिलाईत आहे.

कापडाची पारख

बाजारात या कामाची चार कापडे मिळतात. कॅनव्हास, म्हणजे साध्या विणीचे, एक धागा वर एक खाली असे घट्ट विणलेले जाड सुती कापड. टोचणाऱ्या काट्याला ते सर्वांत चांगले अडवते, पण नवे असताना ताठ असते आणि चालताना मांडीला घासते. ड्रिल, म्हणजे तिरप्या विणीचे गणवेशाचे कापड. ते मऊ आणि चिवट असते, पण हलके घेतले तर काटा आत येतो. जीन, म्हणजे डेनिम. तेही तिरप्या विणीचेच. फाटायला कठीण, पण जाड घेतले तर मे महिन्यात अंगावर भट्टी पेटल्यासारखे होते. आणि चौथे नायलॉन. परदेशी पॅन्टच्या पुढच्या भागाला बहुधा हेच असते. ते घासून झिजत नाही आणि लवकर वाळते. पण हवा खेळत नाही, झुडपाला घासताना करकर आवाज करते आणि ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटते. मोहफुलांच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची खोड आमच्या भागात अजून गेलेली नाही, आणि उन्हाळ्यात जंगलात वणवे लागतातच. म्हणून उन्हाळी कामाला नायलॉन किंवा निव्वळ पॉलिएस्टर घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुकानदार ‘जाड आहे, भारी आहे’ म्हणतो. त्यावर न जाता गिऱ्हाइकाने आणि दर्ज्याने चार सोप्या परीक्षा कराव्यात.

पहिली वजनाची. कापडाचा १० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर ठेवावा. जितके ग्रॅम भरतील त्यांना १०० ने गुणले की एका चौरस मीटरचे वजन निघते. व्यापारी त्यालाच जीएसएम म्हणतात. तुकडा अडीच ग्रॅम भरला तर कापड २५० जीएसएमचे, साडेतीन ग्रॅम भरला तर ३५० चे. जीनचे वजन औंसात सांगतात. एक औंस म्हणजे साधारण ३४ जीएसएम, म्हणजे १० औंसांची जीन ३४० च्या आसपास आणि १२ औंसांची ४०० च्या आसपास. उन्हाळी पॅन्टच्या अंगाला २५० चे सुती ड्रिल आणि पुढच्या दुहेरी भागाला ३४० च्या आसपासचा कॅनव्हास, हा मेळ आमच्या हवेला बरा पडतो.

दुसरी परीक्षा खळीची. हलक्या कॅनव्हासला भरपूर खळ देऊन जाड भासवतात. तुकडा गरम पाण्यात भिजवून चोळावा. पाणी दुधासारखे गढूळ झाले आणि वाळल्यावर कापड मलमलीसारखे लुळे पडले, तर आपण पैसे कापडाचे नव्हे, खळीचे दिले असे समजावे.

तिसरी आटण्याची. कापडावर ५० सेंटिमीटरची खूण करून ते धुवून, वाळवून पुन्हा मोजावे. ३ सेंटिमीटर कमी भरले तर आट ६ टक्के आहे. अशा कापडाची पॅन्ट न धुता शिवली तर पहिल्याच धुलाईत ती घोट्यावर चढते आणि आसनात आवळते. दर्ज्याने कापड आधी भिजवूनच कापावे. आटणारे कापड ‘आटत नाही’ म्हणून विकणे म्हणजे मापात घट देणेच. असा व्यवहार कसा समजला जातो, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

चौथी जाळण्याची. दोन-चार धागे उपसून पेटवावेत. कागदासारखा वास येऊन राख झाली तर सूत. गोळा होऊन काळा मणी बनला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. ‘प्युअर कॉटन’च्या शिक्क्यापेक्षा या मण्यावर विश्वास ठेवावा.

आणखी एक सूचना. गोंदिया हा भाताच्या गिरण्यांचा गाव. धान झाकायची ताडपत्री येथे घरोघर असते. जुन्या ताडपत्रीच्या पॅन्टी शिवण्याची कल्पना कोणाला सुचेल. ती टाळावी. पाणी अडवण्यासाठी तिच्यावर चढवलेले मेण-रसायन घामाबरोबर अंगाला लागते आणि हवा तर मुळीच खेळत नाही.

खरी मजबुती शिवणीत

पॅन्ट कापडात कमी आणि शिवणीत जास्त फाटते. काटा ओढतो तेव्हा जोर टिपेवर येतो. म्हणून पायाच्या आतल्या-बाहेरच्या बाजूंना आणि आसनाला जीनच्या पॅन्टसारखी दोन टिपांची दुमडलेली शिवण हवी. दोरा जाड पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती दोरा घामाने आणि ओलीने कुजतो, मग कापड शाबूत राहते पण पॅन्ट उसवते. खिशांच्या तोंडाशी, चेनच्या खाली आणि पट्ट्याच्या लूपांना आडवे दाट टाके घालावेत.

पुढचा दुहेरी तुकडा मांडीच्या मध्यापासून नडगीच्या खालपर्यंत असावा. त्याची खालची कड पूर्ण शिवून बंद करू नये. दोन बोटांची फट ठेवावी, म्हणजे आत गेलेली माती, बिया आणि कुसळे झटकता येतात. मांडीवर बाहेरून ठिगळासारखे खिसे लावू नयेत. दिसायला ते रुबाबदार, पण प्रत्येक खिसा म्हणजे फांदीला धरायला दिलेला हात. पायाची मोहरी बाहेर दुमडू नये, दुमडीत बिया आणि गोचीड साठतात. मोहरीला नाडी घातली तर बांधता येते आणि मुंग्या-गोचीड वर चढायला वाट राहत नाही.

झुडूप ओलांडताना, वाकताना, उकिडवे बसताना पॅन्ट नेमकी आसनात फाटते. परदेशी पॅन्टच्या जाहिरातीत यावरचा उपाय मोठ्या अभिमानाने सांगितलेला असतो. दोन्ही पायांच्या सांध्यात एक चौकोनी तुकडा जोडतात, म्हणजे चार शिवणी एका बिंदूवर येत नाहीत आणि पाय मोकळा उचलतो. वाचकहो, ही तर आपल्या पायजम्याची मियानी! आमचा प्रत्येक जुना दर्जी ती डोळे मिटून घालतो. पॅन्टची फॅशन आली आणि मियानी गेली. ती परत आणायला कोणतेही परदेशी यंत्र लागत नाही.

परदेशी म्हणून ज्या पोशाखाचे आपल्याला कौतुक वाटते, त्याची नावेही बरीचशी आपल्याकडचीच आहेत. ‘खाकी’ हा शब्द फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ-माती यावरून आला. १८४६ मध्ये पेशावरला उभ्या राहिलेल्या इंग्रजांच्या गाइड्स पलटणीने तो रंग सैन्यात आणला. ‘डंगरी’ हे कामगारांच्या जाड पोशाखाचे नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडले, कारण ते भरड कापड तिथे विकले जाई. आणि शिकारी व शिपाई नडगीला गुंडाळत ती ‘पटी’ म्हणजे आपली पट्टी. नाव आपले आणि हातही आपले. मग माल बाहेरून का आणावा?

ऋतू पाहून पॅन्ट

एकच पॅन्ट बारा महिने चालणार नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. अंगभर जाड कॅनव्हास घालून तेंदूपाने तोडायला सांगणे म्हणजे काट्यापासून वाचवून उन्हाच्या हवाली करणे होईल. उन्हाळ्यात मागची बाजू हलक्या सुती कापडाची, पुढे तेवढे दुहेरी, घेर सैल आणि कंबर नाडीची असावी.

पावसाळ्यात उलट. भिजलेला कॅनव्हास ओल्या गोणीसारखा जड होतो आणि दोन दिवस वाळत नाही. तेव्हा सूत-पॉलिएस्टर मिश्र कापड बरे. झुडपांतल्या बारीक किड्यांची अळी चावून होणारा स्क्रब टायफस २०१८ मध्ये नागपूर आणि परिसरात फैलावला होता, हे लक्षात ठेवून पावसाळ्यात आणि त्यानंतर मोहरी बांधूनच झुडपात शिरावे. हिवाळ्यात गस्तीला जाणाऱ्याने १० ते १२ औंसांची जीन घालायला हरकत नाही.

सर्पदंशाचाही विचार करावा लागतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे साप चावून दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतले बरेच दंश पायाला होतात. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिथल्या खुळखुळ्या सापांपुढे पाण्याने भरलेले हातमोजे धरले होते. मोज्यावर जीनचे कापड असताना आत गेलेले विष निम्म्याहूनही बरेच कमी भरले. आपले नाग, मण्यार, घोणस, फुरसे वेगळे आहेत, हे खरे. तरी जाड, सैल कापड उघड्या पिंढरीपेक्षा केव्हाही चांगले. साप चावलाच तर मात्र पॅन्टच्या भरवशावर न राहता तडक दवाखाना गाठावा.

वाघापासून कोणतीही पॅन्ट वाचवत नाही. १० मे २०२५ रोजी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या ३ महिला वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. एकटे न जाणे आणि वनखात्याने मना केलेल्या भागात न शिरणे, याला पर्याय नाही. आमचा विषय कापडाचा आहे. कापडाकडून कापडाएवढीच अपेक्षा करावी.

बायाबापड्यांचे काय?

या व्यवहारातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक वर्ग पॅन्ट घालतच नाही. तेंदूपाने तोडणाऱ्यांत बाया मोठ्या संख्येने असतात. पहाटे निघून, वाकून वाकून पाने खुडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. मजुरी शेकड्यावर. साडी वर खोचलेली, अंगात नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, म्हणजे हात झाकलेले आणि पिंढऱ्या उघड्या. त्यांना ‘पॅन्ट घाला’ असा उपदेश करून काही साधणार नाही.

त्यांच्यासाठी आम्ही पिंढरीपट्टा सुचवतो. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत बसणारा कॅनव्हासचा तुकडा, मागे वर-खाली दोन नाड्या. चिकटणारी पट्टी लावू नये, तिच्यात कुसळे अडकून ती चार दिवसांत निकामी होते. ४० सेंटिमीटर उंच आणि ५० सेंटिमीटर रुंद असा एक तुकडा धरला, तर ५८ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडात असे ६ तुकडे, म्हणजे ३ जोड्या निघतात. साध्या पायमशीनवर एक दर्जी दिवसात अनेक जोड्या सहज काढील. साडीवर चालतो, लुगड्यावर चालतो, सलवारीवर चालतो. म्हातारीला चालतो आणि नातीलाही. आमच्या मते पॅन्टपेक्षाही आधी या जिल्ह्यात हा पट्टा निघायला हवा.

रंग आणि रुबाब

तरुणांना फौजी छापाची पॅन्ट आवडते. आमचा त्याला विरोध आहे, तो केवळ आवडीनिवडीचा म्हणून नव्हे. भारतीय सैन्याने जानेवारी २०२२ मध्ये आणलेल्या नव्या गणवेशाचा छाप नोंदवून घेतलेला आहे. तो खुल्या बाजारात विकायची परवानगी नाही. शिवाय सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव या भागांनी नक्षलवादाची झळ अनेक वर्षे सोसली आहे. अशा जंगलात फौजी छाप घालून फिरणारा माणूस दुरून कोणाला कोण वाटेल, हे सांगता येत नाही. मातकट, राखी, गर्द तपकिरी रंग मळ झाकतात आणि संशयही ओढवून घेत नाहीत. वर सदरा मात्र भडक रंगाचा असावा, म्हणजे सोबतीच्या माणसांना आपण दिसत राहतो.

स्वस्त म्हणजे किती महाग?

‘आमचा गिऱ्हाईक तीनशेच्या वर जात नाही,’ असे दुकानदार म्हणतात. हिशेब करून पाहू. समजा ३०० रुपयांची पॅन्ट एका हंगामात फाटते, आणि दुहेरी पुढ्याची ९०० रुपयांची पॅन्ट चार हंगाम चालते. चार हंगामांत पहिलीवर १,२०० रुपये गेले, दुसरीवर ९००. वर तिसऱ्या हंगामात दुसरीचा पुढचा तुकडा बदलून घेतला तर तिचे आयुष्य आणखी वाढले. तेंदूचा हंगाम एका गावात जेमतेम दोन-तीन आठवडे चालतो. पायात काटा मोडून, जखम चिघळून त्यातले दोन दिवस घरी बसावे लागले तर बुडालेली मजुरी वेगळीच. ती स्वस्त पॅन्टच्या किमतीत कोणी धरत नाही.

गरिबाजवळ एकदम ९०० रुपये नसतात, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच दर्ज्याचे महत्त्व. जुन्याच पॅन्टला पुढून कॅनव्हासचा दुहेरी तुकडा चढवून देणे, हे काम अर्धा-पाऊण मीटर कापडात आणि थोड्या शिलाईत होते. तयार मालाचा दुकानदार ते करू शकत नाही, दर्जी करू शकतो. तयार कपड्यांनी दर्ज्याचा धंदा मारला, अशी तक्रार आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो. तयार कपडा जिथे पोचत नाही ती जागा ही आहे.

एका दर्ज्याची गोष्ट

येथे एक खरी हकीकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत रेनो नावाच्या गावी जेकब डेव्हिस नावाचा एक सामान्य दर्जी होता. १८७० च्या अखेरीस एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली. नवऱ्याच्या पॅन्टी टिकत नाहीत, एक मजबूत शिवून दे, म्हणाली. डेव्हिसने जाड पांढरा कॅनव्हास घेतला आणि खिशांच्या कोपऱ्यांवर, जिथे जोर येतो तिथे, तांब्याचे रिव्हेट ठोकले. पॅन्ट टिकली, गवगवा झाला, मागणी वाढली. पेटंटसाठी पैसे नव्हते, म्हणून ज्याच्याकडून कापड घेत असे त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यापाऱ्याला त्याने भागीदार केले. व्यापाऱ्याचे नाव लिव्हाय स्ट्रॉस. २० मे १८७३ रोजी दोघांच्या नावे पेटंट निघाले आणि आज साऱ्या जगात चालणाऱ्या जीन पॅन्टचा जन्म झाला.

या गोष्टीत भांडवलदार शेवटी आला. आधी मजुराच्या बायकोची तक्रार होती, मग ती कान देऊन ऐकणारा दर्जी आणि मग कापडवाला. गोंदियात तक्रार आहे, दर्जी आहे, कापडवालाही आहे. हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन असल्याने माल आणणे सोपे, आणि बालाघाट व छत्तीसगड हाकेच्या अंतरावर असल्याने तीन राज्यांची तेंदू जंगले हीच या मालाची बाजारपेठ. उणीव आहे ती या तिघांनी एकत्र बसण्याची.

कोणी काय करावे

दर्जी बांधवांनी दोन नमुने शिवून ठेवावेत: एक दुहेरी पुढ्याची पॅन्ट, एक पिंढरीपट्टा. ते दुकानात न टांगता फळीवर, आठवडी बाजारात, मजुरांच्या अंगावर दिसले पाहिजेत. एक पॅन्ट एका वनमजुराला हंगामभर वापरायला द्यावी आणि कुठे फाटली ते पाहून पुढची शिवावी. जाहिरातीचा याहून स्वस्त आणि खरा मार्ग नाही. जाड कापडाला मजबूत मशीन लागते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत दर्ज्यांचा समावेश आहे. प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५ हजार रुपयांचे साहाय्य मिळते आणि ते कर्ज नाही. व्याजाचे कर्ज ज्यांना नको, त्यांनी निदान हा भाग सोडू नये.

कापड-व्यापाऱ्यांनी कॅनव्हास आणि ड्रिल वजन सांगून विकावे. तयार कपड्याचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आहे, त्यापुढे १८ टक्के. म्हणजे कराच्या दृष्टीनेही परदेशी महाग पॅन्टपेक्षा आपली पॅन्ट सोयीची. मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांना हलक्या कापडाची सवय आहे; ठरावीक मागणी नोंदवली तर त्यांच्यापैकी काहींना जाड विणीकडे वळावेसे वाटेल.

आणि सर्वांत मोठी जबाबदारी तेंदूच्या व्यवहारावर नफा कमावणाऱ्यांची. छत्तीसगड आणि मध्य प्रदेश सरकारांनी तेंदूपाने तोडणाऱ्यांना चपला-बूट वाटण्याच्या योजना काढल्या. कल्पना चांगली. पण २०१८ मध्ये मध्य प्रदेशात वाटलेल्या बुटांच्या आतल्या तळव्यात घातक रंग असल्याचा अहवाल चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने दिल्याचे प्रसिद्ध झाले आणि गदारोळ उडाला. लाखोंनी एकगठ्ठा खरेदी केली की मालाची पारख राहत नाही, हा त्याचा धडा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभांना दिली आणि २०१३ पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा स्वतः तेंदूचे लिलाव करू लागल्या. अशा ग्रामसभांनी लिलावाच्या अटींत एक ओळ घालावी: पाने तोडणाऱ्या प्रत्येकाला हंगामाआधी एक जोडी पिंढरीपट्टे, स्थानिक दर्ज्याकडून शिवलेले, कापड ग्रामसभेने तपासलेले. ठेकेदाराला हा खर्च जड नाही. ज्या पानावर बिडीचा धंदा उभा आहे, ते पान तोडणाऱ्याच्या पिंढरीला अर्धा वार कॅनव्हास देणे ही मेहेरबानी नव्हे, धंद्याचाच खर्च आहे.

पुढचा हंगाम एप्रिलच्या अखेरीस सुरू होईल. कापड आणणे, भिजवणे, कापणे, शिवणे याला हिवाळ्याचे दोन महिने पुरतात. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी डिसेंबरमध्येच चार माणसे जमवून एक तागा कॅनव्हास घ्यावा, आणि पहिली पॅन्ट शिवण्याआधी फळीवर जाऊन एखाद्या बाईला विचारावे, ‘बाई, काटा कुठे लागतो?’ माप तिथून घ्यावे.